गाळणीत सापडलेलं

तिसरा मजला, लिफ्ट नाही.
वूर्त्सबुर्गमधली माझी गिऱ्हाइकं नेहमी तिसऱ्याच मजल्यावर राहतात
आणि माझे गुडघे अठ्ठावन्न वर्षांचे.
दार थिलोनं उघडलं. त्याच्यामागे योरिंडे,
एक पेला उजेडात धरून उभी,
कोर्टात पुरावा धरावा तशी.
"बघा. दुधाळ झालाय. मशीन गेलं ना?"

मी व्हिनेगरचा थेंब टाकला, अंगठ्यानं घासलं.
धुकं निघालं, काच शाबूत.
मशीनला काही झालेलं नाही, मी म्हटलं. चुना आहे हा.
इथलं पाणी ज्या चुनखडीतून झिरपत येतं
तिच्यावरच समोरच्या टेकडीवरची द्राक्षं पोसतात.
वाइनमध्ये उतरली की तुम्ही तिची तारीफ करता,
पेल्यावर बसली की मला फोन.

मीठ कधी भरलंत?

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.
"गोळीत असतं ना सगळं," थिलो म्हणाला.
असतं. इथल्या पाण्याला पुरत नाही.

मग ते भांडण, जे मी जिना चढायच्या आधीपासून चालू असावं.
तो प्रत्येक ताटली आधी नळाखाली लख्ख धुतो.
ती कोंबते: वाडग्यात वाडगा, चमच्याच्या कुशीत चमचा.
तो मागून येऊन सगळं काढतो, पुन्हा लावतो,
आणि ती दारात उभी राहून
त्याला लावताना बघते.

मी फरशीवर बसल्या बसल्या निवाडा दिला.
तू पाणी फुकट घालवतोस. खरकटं निपटून टाक, बास;
धुतलेली भांडी पाहून यंत्राला वाटतं काम संपलं,
मग ते मनापासून धूत नाही.
आणि तू, वाडगी पालथी ठेव, जरा कलती,
सुऱ्यांची टोकं खाली.
दार लावण्याआधी फवाऱ्याचा हात बोटानं एकदा फिरवायचा.
अडला, तर कुणाची तरी पळी आडवी आलीय.
आणि तो लांबलचक प्रोग्राम, तोच लावा.
पाणी कमी तापतं, वीज वाचते.
"साडेतीन तास?"
साडेतीन तास. कोण उपाशी बसलंय तोवर?

मग गाळणी.
लोक मला दिवाणखाना दाखवतात,
मी गाळणी बघते.
डावीकडे पिळली, उचलली: लिंबाच्या बिया,
मोहरी, बरणीवरच्या लेबलाचा लगदा,
आणि नखाएवढी चिनी माती.
निळी कड. सोनेरी पानाचा अर्धा भाग.

भिंतीवर सहा खुंट्या होत्या, आल्या आल्याच पाहिल्या होत्या मी.
निळ्या कडेचे कप पाच.
"आईचे," थिलो सांगत होता, "ते फक्त हातानं धुवायचे.
सहावा कुठे गेला कोण जाणे, इकडे राहायला येताना..."

योरिंडे नळाकडे बघत होती.
मानेपासून कानापर्यंत लाल.

मी गाळणी गरम पाण्याखाली धरली,
जुन्या टूथब्रशनं जाळी घासत राहिले, गरजेपेक्षा जरा जास्तच.
बिया मुठीत आल्या, मुठीतून खिशात.
"काय काय होतं?"
"बिया," मी म्हटलं. "लिंबाच्या."

बिलावर लिहिलं:
मीठ, एक किलो, ओट्यावर ठेवलं आहे.
गाळणी दर महिन्याला धुणे.
दाराचं रबर पुसणे, धुऊन झाल्यावर दार उघडं ठेवणे.
बदललेले भाग: काही नाही.

दुसऱ्या मजल्यावर गाठलं तिनं मला, अनवाणी,
हातात मिठाचं नरसाळं.
"हे राहिलं तुमचं."
माझं नव्हतं ते. दोघींनाही ठाऊक होतं.
खिशातला तुकडा मांडीला टोचत होता.
मी तो काढला, नरसाळ्यात टाकला.
बारीक आवाज झाला.

"आज सांगते त्याला," ती म्हणाली.

आधी मीठ भर, मी म्हटलं.
आणि भरल्या भरल्या मशीन चालू कर.
सांडलेलं तसंच ठेवलं
की पत्र्याला गंज चढतो.